सात सामन्यांची थंडी

ऑक्टोबरच्या मध्यावर यवतमाळ जिल्ह्यात कापसाची बोंडे फुटायला लागतात आणि त्याच सुमारास रणजी करंडकाचा पहिला चेंडू टाकला जातो. पुसद, वणी, दारव्हा, राळेगाव, कुठेही जा. चहाच्या टपरीवर मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला एखादा तरी माणूस सापडतो, ज्याला भारतीय संघाच्या एकदिवसीय सामन्यापेक्षा विदर्भाने पहिल्या डावात आघाडी घेतली की नाही, याची जास्त काळजी असते. टीव्हीवर सामना बहुधा नसतोच. असतात ते फक्त आकडे, आणि मोसमाच्या सुरुवातीला ते आकडे फार छळतात. दोन बाद नऊ. चार बाद एकतीस. पुढे पडद्यावर बराच वेळ काही हलत नाही, आणि खेळ थांबला की नेट गेले, हेही कळायला मार्ग नसतो.

यवतमाळचा स्वतःचा रणजी संघ नाही. महाराष्ट्रात एकूण तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. इथला मुलगा चेंडू कितीही फिरवत असला, तरी त्याची वाट नागपूरवरून जाते. या वाटणीमागे इतिहास आहे. यवतमाळ हा जुन्या वऱ्हाडातला जिल्हा. १९३४-३५ साली रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा नागपूर आणि वऱ्हाड मिळून 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' असा एक संघ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ च्या मोसमात 'विदर्भ' या नावाने संघ मैदानात उतरला. नकाशा बदलला तरी क्रिकेटने विदर्भाला मध्य विभागातच ठेवले. आजही दुलीप करंडकासाठी विदर्भाचे खेळाडू मुंबईकरांबरोबर नव्हे, तर मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वेच्या खेळाडूंबरोबर निवडले जातात.

त्या पहिल्या मोसमापासून पहिल्या विजेतेपदापर्यंत साठ वर्षे गेली. त्याआधी विदर्भ उपांत्य फेरीतही एकदाही पोहोचला नव्हता. २००० नंतर स्पर्धेचे 'एलिट' आणि 'प्लेट' असे दोन थर झाले, त्यातही विदर्भाची बरीच वर्षे खालच्या थरात गेली. इतकी वर्षे न जिंकणाऱ्या संघावर जीव लावणारी माणसे कशी टिकतात, याचे उत्तर शोधायचे तर जरा दूर, अमेरिकेत डोकावायला हवे. तिथे बेसबॉलच्या प्रेक्षकांनी ही तगमग पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉलचा मोसम मार्चच्या शेवटी सुरू होतो. शिकागो, बॉस्टन, न्यूयॉर्क इथे तेव्हा कडाक्याची थंडी असते. शिकागोच्या रिगली फील्डवर मिशिगन सरोवरावरून वारा येतो आणि प्रेक्षक पांघरुणे घेऊन बसतात. ११ एप्रिल १९०७ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर मोसमाच्या पहिल्याच दिवशी बर्फ साचलेले होते. घरचा संघ हरतो आहे हे पाहून प्रेक्षक मैदानात शिरले, एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकू लागले आणि पंचांनी सामना पाहुण्या फिलाडेल्फियाला बहाल केला. थंड हवेत चेंडूही कमी अंतर कापतो. थंड हवा दाट असते, ती चेंडूला जास्त अडवते. शिवाय गारठलेला चेंडू बॅटवरून तेवढा उसळत नाही. उन्हाळ्यात कुंपणापलीकडे गेला असता, असा फटका एप्रिलमध्ये कुंपणाच्या आत झेलला जातो. आपल्या संघाचे फटकेबाज यंदा संपले, असे प्रेक्षकाला वाटते. खरे तर अजून ऊन तापलेले नसते.

१९८८ साली बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ मोसमाचे पहिले २१ सामने ओळीने हरला. २०१९ साली वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या ५० सामन्यांपैकी ३१ गमावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो संघ अजिंक्य ठरला. हे शक्य झाले, कारण बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. वाईट महिना भरून काढायला पुढे पाच महिने असतात. शिकागो कब्जच्या चाहत्यांनी १९०८ ते २०१६ अशी १०८ वर्षे विजेतेपदाची वाट पाहिली. पण प्रत्येक वर्षात निदान काही महिने तरी त्यांना 'अजून बरेच सामने आहेत' असे म्हणता येत होते.

यवतमाळच्या माणसाला ही सोय नाही. अलीकडच्या मोसमांत विदर्भाच्या वाट्याला साखळीचे सात सामने येतात. वॉशिंग्टनने ज्या ५० सामन्यांत चाचपडून घेतले, तेवढे साखळी सामने खेळायला विदर्भाला सात मोसमही पुरत नाहीत. म्हणून पहिल्याच सामन्यात चार गडी झटपट गेले की इथल्या चाहत्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याला उतावळा म्हणणे बरोबर नाही. त्याचा हिशेब पक्का असतो.

तो हिशेब गुणांचा. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास आणखी एक. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन, दुसऱ्याला एक. म्हणजे दोन संघ चार दिवस खेळून बरोबरीत सुटले तरी त्या बरोबरीच्या पोटात एक जिंकलेला आणि एक हरलेला असतो. रणजीचा मुरलेला चाहता धावफलकाआधी विचारतो ते 'लीड मिळाली का?' हेच. पहिल्या दोन सामन्यांत आघाडी हुकली की तो लगेच कागद घेऊन बसतो: उरलेल्या पाचांत किती 'आउटराइट', म्हणजे निर्णायक विजय लागतील, कोणत्या संघाने कोणाला हरवले पाहिजे, पाऊस कुठे पडला तर बरे.

थंडीचा खेळावरही परिणाम होतो. सामना सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू होतो. रात्रीच्या दवाचा ओलावा खेळपट्टीत असतो आणि मेरठला बनणाऱ्या एसजीच्या लाल चेंडूची शिवण हाताने घातलेली, चांगली वर उठलेली असते. नवा चेंडू, ओलसर खेळपट्टी आणि गारठलेली बोटे! पहिल्या तासात सलामीच्या फलंदाजाचे हाल होतात आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्यांचेही. ऊन वर आले की तीच खेळपट्टी सुकते आणि दुपारी फलंदाजी सोपी वाटू लागते. सकाळी साडेदहाला मोबाईलवर दिसणारा आकडा म्हणूनच अर्धाच खरा असतो. उत्तरेत तर धुक्याने आणि कमी उजेडाने खेळाचे तासच्या तास बुडतात. अखेर २०२४-२५ साली क्रिकेट मंडळाने रणजीचा मोसमच दोन भागांत कापला. ११ ऑक्टोबरला सुरुवात, पाच सामन्यांनंतर ऐन थंडीत पांढऱ्या चेंडूच्या स्पर्धा, आणि २३ जानेवारीपासून उरलेले लाल चेंडूचे सामने. चाहत्याच्या दृष्टीने ही नवी शिक्षाच होती. आघाडीवर असलो तरी दोन महिने जीव टांगणीला, मागे असलो तर दोन महिने जळफळाट.

तरीही हा चाहता आशा सोडत नाही, आणि ती आशा भाबडी नाही, हे २०१७-१८ च्या मोसमाने दाखवले. त्या वर्षी गटात सात संघ होते, प्रत्येकाला सहाच सामने. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर. विदर्भ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला आणि तिथे गाठ पडली कर्नाटकाशी. डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या. ११६ धावांची पिछाडी! नेहमीच्या अनुभवाने पाहिले तर इथेच गाशा गुंडाळायचा. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा काढून कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य ठेवले. शेवटच्या सकाळी त्यांना ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत सात गडी टिपले आणि कर्नाटक १९२ वर बाद झाला. अवघ्या पाच धावांनी विजय. ज्यांनी तो शेवटचा तास धावफलक पुनःपुन्हा ताजा करत काढला, त्यांना तो आजही चेंडूवार आठवतो.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला. नागपुरात जन्मलेले सी. के. नायुडू ज्या होळकर संघाचे कर्णधार म्हणून गाजले, त्याच संघाच्या शहरात विदर्भ प्रथमच विजेतेपदासाठी खेळत होता. दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ धावा काढल्या. गुरबानीने हॅट‌्ट्रिक घेतली आणि तिन्ही गडी त्रिफळाचीत केले, त्यांत शोरीही होता. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅट‌्ट्रिक. पहिली १९७२-७३ साली तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरमने मुंबईविरुद्ध घेतली होती. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतले पहिले शतक याच सामन्यात झळकावले, १३३ धावांचे. विदर्भाचा डाव ५४७ वर गेला आणि १ जानेवारी २०१८ रोजी, नऊ गडी राखून, साठ वर्षांची प्रतीक्षा संपली. पुढे काही वर्षांनी तोच ध्रुव शोरी विदर्भाकडून खेळायला आला.

पुढच्या मोसमात तर यवतमाळकरांना छाती फुगवायला स्वतःचे कारण मिळाले. अक्षय कर्णेवार हा यवतमाळ जिल्ह्याचा मुलगा दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. समोर उजवा फलंदाज आला की डाव्या हाताने, डावखुरा आला की उजव्या हाताने. नियम एवढाच की हात बदलताना पंचांना आधी सांगायचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना होता. विदर्भाचे मोठे फलंदाज बाद झाले होते आणि तेव्हा तळाशी येऊन कर्णेवारने नाबाद ७३ धावा जोडल्या. विदर्भ ३१२ वर पोहोचला. सौराष्ट्राने ३०७ केल्या. आघाडी पाच धावांची! त्या ७३ मधून दोन चौकार वजा करून पाहा, म्हणजे आघाडी कोणाकडे गेली असती ते कळेल. पुढे आदित्य सरवटेने चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत स्वस्तात बाद केले, सामन्यात अकरा गडी घेतले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकून सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला. वसीम जाफरचा तो रणजी अंतिम सामन्यातला दहावा विजय होता. आठ मुंबईकडून, दोन विदर्भाकडून, आणि पराभव एकही नाही.

त्याच मोसमात उमेश यादवने वायनाडमधल्या कृष्णगिरीच्या मैदानावर केरळविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बारा गडी घेतले आणि सामना दोन दिवसांत संपवला. उमेश कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, खापरखेड्याजवळच्या वलनी वसाहतीत टेनिस बॉलवर वाढलेला. वणी परिसरातल्या खाणींच्या वसाहतींत हिवाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात, तेव्हा वेगाने धावत येणाऱ्या प्रत्येक पोराला कोणी ना कोणी उमेशची आठवण करून देतोच. या स्पर्धा म्हणजे जिल्ह्यातल्या थंडीचा खरा मोसम. यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडपासून गावाबाहेरच्या कापून मोकळ्या झालेल्या वावरापर्यंत, जिथे सपाट जागा मिळेल तिथे आठ-आठ षटकांचे सामने होतात. रणजीचा चाहता इथेच तयार होतो. चेंडू कसा पडतो हे त्याला पायाने ठाऊक असते, म्हणून नुसत्या आकड्यांवरूनही त्याला डाव दिसतो.

दोन विजेतेपदांनंतर सगळे सुरळीत होईल असे वाटले होते. तसे झाले नाही, आणि चाहत्यांच्या चिवटपणाची खरी कसोटी इथे लागली. २०१९-२० मध्ये गतविजेता विदर्भ उपांत्यपूर्व फेरीतही नव्हता. २०२०-२१ साली करोनामुळे रणजी स्पर्धाच झाली नाही. १९३४ पासून असे कधी घडले नव्हते. २०२१-२२ मध्ये मोसम इतका आक्रसला की साखळीत फक्त तीन सामने उरले, आणि तिथेही विदर्भ गटातून पुढे गेला नाही. तीन सामन्यांच्या मोसमात सुरुवात कुठली आणि शेवट कुठला! पहिला सामना बिघडला की एक-तृतीयांश वर्ष गेले.

त्याच काळात एक विलक्षण गोष्ट घडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुश्ताक अली करंडकात मणिपूरविरुद्ध कर्णेवारने चार षटके टाकली. चारही निर्धाव, दोन बळी, एकही धाव नाही. वीस षटकांच्या खेळात पुरुष गोलंदाजाने आपली चारही षटके निर्धाव टाकण्याची ही पहिलीच वेळ होती. तेव्हा विदर्भ त्या स्पर्धेत प्लेट गटात होता. विक्रम ज्या संघाविरुद्ध झाला त्यावरून त्याचे मोल कमी करणारे होतेच. पण चोवीस चेंडूंत एकही धाव न देणे गल्लीतल्या पोरांविरुद्धसुद्धा जमवून पाहावे.

आणि मग जानेवारी २०२३. जामठ्यावर गुजरातविरुद्ध पहिल्याच दिवशी विदर्भ ७४ धावांत गारद. गुजरातने २५६ केल्या. दुसऱ्या डावात विदर्भाच्या २५४. गुजरातला जिंकायला हव्या होत्या फक्त ७३. इतके छोटे लक्ष्य रणजीत कोणी कधी राखले नव्हते. आधीचा विक्रम बिहारचा होता, १९४८-४९ मधला, ७८ धावांचा. आदित्य सरवटेच्या डाव्या फिरकीने १७ धावांत सहा गडी घेतले आणि गुजरात ५४ वर कोसळला. ज्यांनी ७४ वर सगळे बाद झाल्याचे पाहून मोबाईल खिशात टाकला होता, त्यांच्या हातून रणजीच्या इतिहासातला एक अद्भुत सामना निसटला. तरीही त्या मोसमात विदर्भ बाद फेरीत पोहोचला नाही. एका चमत्काराने सात सामन्यांचा हिशेब जुळत नाही.

मार्च २०२४ मध्ये विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि वानखेडेवर मुंबईसमोर पहिल्या डावात १०५ धावांत कोलमडला. पुढे ५३८ चे अशक्य वाटणारे लक्ष्य आले. कर्णधार अक्षय वाडकरचे शतक आणि हर्ष दुबेची झुंज यांच्या बळावर विदर्भाने ३६८ पर्यंत मजल मारली. पराभव १६९ धावांनी झाला. पण शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईकरांच्या कपाळावर आठ्या होत्या, हे विदर्भातला माणूस आवर्जून सांगतो. वर्षभरात जामठ्यावर उपांत्य सामन्यात मुंबईलाच ८० धावांनी हरवून त्याची परतफेड झाली.

त्या २०२४-२५ च्या अंतिम सामन्याची पहिली सकाळ मुद्दाम पाहण्यासारखी आहे. २६ फेब्रुवारी २०२५, जामठा. यवतमाळहून वर्ध्यामार्गे येणाऱ्याला हे मैदान नागपूर शहराच्या अलीकडेच लागते, त्यामुळे पहाटे निघालेली मंडळी पहिल्या चेंडूला जागेवर होती. केरळने नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि थोड्याच वेळात धावफलकावर तीन बाद २४ लागले. त्यानंतर दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवार १५३ वर गेला, नायर ८६ वर धावबाद झाला, विदर्भाने ३७९ उभारल्या. केरळकडून ७९ धावा काढणारा आणि विदर्भाच्या दुसऱ्या डावात चार गडी घेणारा कोण? आदित्य सरवटे! ज्याच्या फिरकीवर दुसरे विजेतेपद आले होते, तोच आता समोरच्या बाजूला. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला, केरळ ३४२ वर थांबला, ३७ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात नायरने १३५ काढल्या, सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. आघाडीसाठी इतकी वर्षे जीव काढणाऱ्या चाहत्याला यापेक्षा योग्य विजय कोणता मिळणार होता? हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ गडी घेऊन बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ बळींचा विक्रम मोडला, आणि ९६० धावांसह यश राठोड सर्वांत पुढे राहिला.

हे सगळे माहीत असूनही पुढच्या ऑक्टोबरात चाहत्याच्या पोटात गोळा येतोच, आणि तो यावा हे मला रास्त वाटते. कपाशीच्या पहिल्या वेच्यावरून सगळ्या पिकाचा अंदाज बांधता येत नाही, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, तरी पहिल्या वेच्याचे वजन तो करतोच. शिवाय दरवर्षी संघही बदलतो. २०२५-२६ च्या मोसमाआधी करुण नायर कर्नाटकाकडे परतला, अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला, गुरबानी त्याआधीच महाराष्ट्राच्या संघात गेला होता. उरलेल्यांत अकोल्याचा अथर्व तायडे आहे, वर्ध्याचा दर्शन नळकांडे आहे, म्हणजे नागपूरबाहेरच्या विदर्भाचा वाटा हळूहळू वाढतो आहे. यवतमाळ जिल्ह्यातून कर्णेवारनंतर कोण, हा प्रश्न मात्र पोस्टल ग्राउंडच्या कठड्यावर बसणारी मंडळी दर हिवाळ्यात विचारतात. तालुक्याच्या ठिकाणी लाल चेंडू, खरी खेळपट्टी आणि वर्षभर शिकवणारा माणूस यांची सोय झाली, तर तो मुलगा दूर नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यासाठी ते सध्या सोळा वर्षांखालच्या निवड चाचणीच्या तारखा कधी लागतात याची चौकशी करत आहेत.